सायनस लिफ्ट करून इम्प्लांट: आईसाठी निर्णय घ्यायचा आहे, माहिती आणि अनुभव हवेत

निशिगंध

नमस्कार मंडळी. आईचं वय ६४, राहायला पुण्यात. वरच्या जबड्यातल्या उजवीकडच्या शेवटच्या दोन्ही दाढा बऱ्याच वर्षांपूर्वी काढल्या आहेत. अक्कलदाढही नाही. सगळं चावणं डाव्या बाजूने चालायचं, पण आता तिकडची एक दाढ हलायला लागली आहे. भाकरी आमटीत कुस्करून खाते, पेरू-काकडी बंदच आहे. काढता-घालता येणारी कवळी तिला नको आहे.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, "इथे हाडच उरलेलं नाही. आधी सायनस लिफ्ट करून हाड भरू, सहा-आठ महिने थांबू, मग इम्प्लांट." (इम्प्लांट म्हणजे हाडात रोवायचा स्क्रू, त्यावर नंतर कृत्रिम दात बसतो.) दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, "एवढं काही करायला नको, आखूड इम्प्लांट बसेल." दोघांचं ऐकून आम्ही पुरते गोंधळलो आहोत. सायनसला हात लावायचा म्हटल्यावर आई धास्तावली आहे. तिला वाटतंय डोळ्याजवळ कुठेतरी मोठं ऑपरेशन आहे.

कुणी हे करून घेतलं आहे का? त्रास किती होतो? ती रोज पहाटे कपालभाती करते, ते बंद करावं लागेल का? आणि आम्ही शाकाहारी आहोत. भरायचं हाड कुठून येतं हे विचारलं तर "इंपोर्टेड असतं" एवढंच उत्तर मिळालं.

सह्यकडा

माझी डाव्या बाजूची झाली आहे. दात काढताना वाटते तेवढीही वेदना नव्हती, कारण भूल चांगली लागली होती. जागाच होतो. हाडात खिडकी पाडताना कानाशी घरघर ऐकू येते आणि गालावर दाब जाणवतो, तेवढंच. खरा त्रास नंतरचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल टम्म फुगतो आणि डोळ्याखाली निळं-पिवळं होतं. आठवड्याभरात उतरतं. पहिल्या रात्री नाकातून थोडं रक्त आलं, बायको घाबरली. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

आईंना सांगा, डोळ्याचा काही संबंध नाही. सगळं काम तोंडातूनच होतं, चेहऱ्यावर बाहेरून चिरा पडत नाही.

दंतवैद्या

मी तोंड व जबड्याची शल्यचिकित्सक आहे. नीट समजावून सांगण्यासारखा विषय आहे, म्हणून थोडं लांबेल.

वरच्या दाढांच्या मुळांच्या अगदी डोक्यावर, गालामागे, वरच्या जबड्याच्या हाडाच्या आत एक पोकळी असते. तिला मॅक्झिलरी सायनस म्हणतात. तिच्यात फक्त हवा असते आणि आतून एक पातळ पडदा असतो, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. दाढ जागेवर असते तोवर चावण्याचा भार हाडावर येत राहतो आणि हाड टिकतं. दाढ गेली की हाडाला दोन्हीकडून कात्री लागते: खालून हिरडीखालचं हाड झिजतं, वरून सायनसची पोकळी खाली उतरते. त्यामुळे वरच्या मागच्या दाढा काढून वर्षं लोटली की हाड तीन-चार मिलिमीटरवर आलेलं पुष्कळदा दिसतं. नेहमीचा इम्प्लांट आठ ते दहा मिलिमीटर लांबीचा असतो. तो एवढ्याशा हाडात धरणार कसा?

सायनस लिफ्ट म्हणजे हा पडदा न फाडता हळूहळू हाडापासून सोडवून वर सरकवायचा आणि खाली झालेल्या जागेत हाडाचा चुरा भरायचा. पुढच्या काही महिन्यांत त्याभोवती पेशंटचं स्वतःचं हाड तयार होतं.

हे करायच्या दोन वाटा आहेत. हाड पाच-सहा मिलिमीटर किंवा अधिक असेल तर इम्प्लांटसाठी पाडलेल्या छिद्रातूनच पडदा थोडा वर ढकलता येतो. ही पद्धत समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. दोन-तीन मिलिमीटर उंची मिळते, इम्प्लांटही त्याच वेळी बसतो, सूज कमी. हाड चारच्या खाली असेल तर मात्र बाजूने, गालाच्या आतल्या अंगाने हिरडी उघडून हाडात छोटी खिडकी करावी लागते. ही जुनी पद्धत. अमेरिकेतल्या टेटम यांनी ती १९७६ मध्ये एका परिषदेत मांडली आणि बॉयन व जेम्स यांनी १९८० मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. म्हणजे तुमच्या आईवर कुणी नवा प्रयोग करत नाही.

आता तुमच्या दोन डॉक्टरांबद्दल. दोघांनी नेमकं काय पाहून सल्ला दिला? ओपीजी (सगळ्या दातांचा एकच सपाट एक्स-रे), की सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन)? सगळी भानगड बहुतेक तिथेच आहे. ओपीजीमध्ये प्रतिमा मुळातच वीस-पंचवीस टक्के मोठी येते, आणि मशीनमध्ये डोकं जरा तिरकं राहिलं तर मापं आणखी फसतात. त्यावर पाच दिसलेलं हाड प्रत्यक्षात चार असू शकतं, आणि या जागी एका मिलिमीटरने उपचार बदलतो. सीबीसीटी करा आणि रिपोर्टवर प्रत्येक दाढेच्या जागी उंची व रुंदी किती ते लिहून घ्या.

आणखी एक. आईंना हाडं ठिसूळ झाल्याबद्दल काही औषध चालू आहे का? आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं इंजेक्शन किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून? डायबिटीस? रक्त पातळ करायची गोळी? हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोगरा७१

दंतवैद्या, फारच छान समजावलंत. मला एक कळत नाही. पडदा एक मिलिमीटरचा, मग तो फाटत नाही का?

दंतवैद्या

फाटतो. या शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत तीच. आम्हाला शिकवताना कच्चं अंडं देतात. कवचाला खिडकी पाडायची, पण आतला पापुद्रा शाबूत राहिला पाहिजे. हात त्यावर बसतो. हल्ली पिझो नावाचं अल्ट्रासोनिक यंत्र मिळतं. ते हाड कापतं, मऊ पडद्याला सहसा इजा करत नाही, त्यामुळे काम पुष्कळ सुरक्षित झालं आहे.

खिडकी उघडली की करडा-निळसर पडदा समोर दिसतो. तो शाबूत असेल तर पेशंटच्या श्वासाबरोबर किंचित आत-बाहेर हलतो. ती हालचाल दिसली की सर्जनचा जीव भांड्यात पडतो. मग बाकदार हत्यारांनी, हाडाला धरून, चहूबाजूंनी तो सोडवत जायचं. घाई केली की फाटलाच.

छोटं भोक पडलं तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या पडद्याचा किंवा पेशंटच्याच रक्तातून केलेल्या पीआरएफचा, म्हणजे जेलीसारख्या गोळ्याचा, तुकडा लावून पुढे जाता येतं. मोठं असेल तर तिथेच थांबून, टाके घालून काही महिन्यांनी परत यायचं. असा थांबलेला सर्जन भेटला तर त्याच्यावर चिडू नका, त्याने तुमचं भलंच केलं आहे. सायनसमध्ये कधी कधी हाडाच्या आडव्या भिंती असतात, तिथे पडदा हमखास चिकटलेला असतो. एक रक्तवाहिनीही बाजूच्या भिंतीतून जाते. या दोन्ही गोष्टी सीबीसीटीवर आधी दिसतात.

नागपूरकर

कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून माझी भर. पेशंटला जुनी सर्दी असेल, गालात जड वाटत असेल किंवा वास येईनासा झाला असेल, तर दातांच्या डॉक्टरांनी सुरी धरण्याआधी आमच्याकडे पाठवावं. सायनसमधला स्राव नाकात जायची वाट वरच्या बाजूला असते. ती आधीच बुजलेली असेल आणि खालून पडदा वर उचलला, तर साचलेलं बाहेर पडायला जागाच राहत नाही. मग भरलेलं हाड पू होऊन निघून जातं. असे पेशंट मी तपासले आहेत आणि त्यातले बरेच टाळता आले असते. सीबीसीटी काढताना सायनस वरपर्यंत दिसेल एवढा भाग घ्यायला सांगा. नुसता दातापुरता छोटा स्कॅन घेतला तर ती वाट दिसतच नाही.

पडदा थोडा जाड दिसला म्हणून घाबरू नये. तो अनेकांचा असतो. बंद वाट, पॉलिप (आतली मऊ गाठ) आणि सायनसमध्ये साचलेल्या पाण्याची पातळी दिसणं, याकडे मात्र दुर्लक्ष नको.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता आईला विचारलं. गेली दोन वर्षं तिला हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड देतात! दातांच्या दोन्ही ठिकाणी हे कुणी विचारलं नव्हतं आणि आईला त्याचा दाताशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. साखर नॉर्मल आहे. रक्त पातळ करायची गोळी नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी फक्त ओपीजीच पाहिला होता, हेही खरं. उद्या सीबीसीटी.

दंतवैद्या

बरं झालं विचारलंत. या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, पण जबड्यात जखम केली तर क्वचित ते हाड भरून न येता उघडं पडतं आणि मरतं. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना हा धोका बराच असतो, त्यांच्यात आम्ही अशी शस्त्रक्रिया टाळतो. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत धोका खूप कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी आणि सर्जनने एकमेकांशी बोलायला हवं. चिठ्ठीवर "फिट फॉर सर्जरी" एवढंच लिहून आणलं तर त्याला काही अर्थ नाही. औषध मनाने बंद करू नका. मणक्याचं किंवा खुब्याचं हाड मोडणं दात नसण्यापेक्षा कितीतरी वाईट.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत असतो. इथल्या सरकारी विम्यात इम्प्लांट आणि हाड भरणं बसत नाही, अपवाद फार थोडे. इम्प्लांटवर बसवायच्या कॅपसाठी (दातासाठी) ठरावीक अनुदान मिळतं, बाकी स्वतःच्या खिशातून. म्हणून आमच्यातले बरेच जण सुट्टीत भारतात येऊन करून घेतात. त्यांना कळकळीने सांगतो, तिकीट आधी काढून मग तारीख घेऊ नका. सायनस लिफ्टनंतर किमान दोन आठवडे विमानप्रवास नको म्हणतात, काही सर्जन चार सांगतात. विमानात हवेचा दाब बदलला की ताज्या पडद्यावर ताण येतो. आणि टाके काढायला, काही बिघडलं तर बघायला, ज्याने केलं तोच माणूस जवळ असलेला बरा.

मोगरा७१

भारतातही विम्याचं तेच. अपघातात दात गेले आणि ॲडमिट व्हावं लागलं तर मिळतात, एरवी दातांचं काम नेहमीच्या मेडिक्लेममध्ये येत नाही. ज्यांना खाजगीत झेपत नाही त्यांनी सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करावी. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर, नागपूर आणि संभाजीनगरलाही आहे. वेळ लागतो, खेपा होतात, काही सामान बाहेरून आणावं लागतं, पण एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्यांबरोबर त्यांचे शिक्षक उभे असतात.

माझ्या सासूबाईंनी यातलं काहीच केलं नाही, तेही सांगते. त्यांना तपासणाऱ्या प्राध्यापकांनी समजावलं की पुढचे दात आणि दोन्हीकडच्या उपदाढा चांगल्या असतील तर मागच्या दाढांशिवायही माणूस व्यवस्थित जेवू शकतो. त्या ७८ च्या आहेत, ज्वारीची भाकरी खातात.

दंतवैद्या

अगदी बरोबर. डच डॉक्टर कायसर यांनी हाच विचार मांडला होता आणि तो आजही शिकवतात. "काहीच न करणं" हाही पर्याय पेशंटसमोर ठेवलाच पाहिजे. निशिगंधच्या आईंची डावीकडची दाढ हलते आहे, म्हणून तिथे विचार वेगळा.

ब्रिजबद्दल (दोन्हीकडच्या दातांना धरून बसवलेल्या दातांबद्दल) कुणी विचारेल म्हणून: मागे धरायला दात नसल्याने या जागी नेहमीचा ब्रिज होत नाही.

सह्यकडा

शाकाहाराच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही. मीही तो विचारला होता. सगळ्यात जास्त वापरला जाणारा चुरा गायी-बैलांच्या हाडाचा असतो. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज ठेवतात. तो वर्षानुवर्षं विरघळत नाही, त्यामुळे मिळवलेली उंची टिकते, म्हणून डॉक्टरांना आवडतो. माझ्या घरी ते चाललं नसतं. डॉक्टरांनी कृत्रिम चुरा सुचवला आणि तो भरला.

दंतवैद्या

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक पेशंटला विचारायलाच हवा आणि संमतीपत्रावर लिहायला हवा. "इंपोर्टेड" हे उत्तर चालणार नाही. चार प्रकार आहेत. पेशंटचंच हाड, हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागून काढलेलं: उत्तम, पण दुसरी जखम होते. माणसाचं दान केलेलं, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेलं हाड: मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेतून ते मिळतं. प्राण्याचं. आणि कृत्रिम, म्हणजे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिॲपेटाइट. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं, हायड्रॉक्सिॲपेटाइट टिकतं, म्हणून दोन्ही मिसळलेलं मिळतं. सायनस ही चारी बाजूंनी हाडाने वेढलेली जागा असल्याने कृत्रिम चुराही इथे चांगला काम करतो, कारण नवं हाड भिंतींकडून येतं. स्वीडनमध्ये तर नुसता पडदा उचलून, आत इम्प्लांटचा टेकू देऊन, रक्ताच्या गुठळीतच हाड तयार झाल्याचं दाखवलं गेलं आहे. पण त्यासाठी इम्प्लांट धरेल एवढं हाड आधी लागतं.

शाकाहाऱ्यांनी नुसता चुरा विचारून थांबू नये. खिडकीवर झाकायचा कोलॅजनचा पडदा बहुधा गाय किंवा डुकराचा असतो, त्याऐवजी पीआरएफ वापरता येतं. टाक्यांमध्ये कॅटगट हा आतड्याचा धागा असतो, कृत्रिम धागा मागा. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, गोळी लिहून घ्या.

निशिगंध

सीबीसीटी आला. पहिल्या दाढेच्या जागी ३.४ मिलिमीटर, दुसरीच्या जागी ४.१. रुंदी चांगली आहे. सायनस स्वच्छ, वाट मोकळी. म्हणजे आखूड इम्प्लांट बाद का?

दंतवैद्या

सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट आता चांगले स्थिरावले आहेत. पाच-सहा मिलिमीटर हाड असतं तर मीच म्हटलं असतं, सायनसच्या वाटेला जाऊ नका. ३.४ मध्ये ते धरणार नाहीत. न धरलेला इम्प्लांट सायनसमध्ये निसटून गेल्याचेही प्रकार होतात, मग तो काढायला वेगळी शस्त्रक्रिया. तुमच्याकडे बाजूची खिडकी आणि दोन टप्पे, हेच मला योग्य वाटतं. अंतिम शब्द अर्थात प्रत्यक्ष तपासणाऱ्याचा. जी व्यक्ती करणार तिला निःसंकोच विचारा: खिडकीची शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता का, की बाहेरून कुणी येतं? पडदा फाटला तर काय करणार? भरलेल्या सामानाचं स्टिकर फाईलला लावाल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

निशिगंध

धागा वर काढतेय. आईची शस्त्रक्रिया झाली!

हाडांच्या डॉक्टरांनी आणि सर्जनने फोनवर बोलून ठरवलं. पुढचा डोस जखम भरेपर्यंत पुढे ढकलला, धोका काय आहे ते आईला बसवून समजावलं, तिने स्वतः सही केली. कृत्रिम चुरा आणि पीआरएफ वापरलं. दंडातून रक्त घेऊन शेजारच्याच खोलीत यंत्रात फिरवलं. नळीतून निघालेला तो पिवळसर, जेलीसारखा गोळा डॉक्टरांनी आईला दाखवला. "हे तुमचंच आहे, काकू" म्हटल्यावर तिची भीती निम्मी गेली असं ती सांगते. पडदा शाबूत राहिला.

सूज सह्यकडा यांनी सांगितल्याप्रमाणेच आली. दोन उशा घेऊन झोपते, थंड दूध, मऊ खिचडी, गार केलेली पेज. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही. लिहून फ्रिजला लावलं आहे.

कपालभाती कधी सुरू करावं? रोज विचारते.

नागपूरकर

कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शंख वाजवणं आणि फुगे फुगवणं, सगळं निदान सहा आठवडे बंद. यांत नाकातला किंवा तोंडातला दाब एकदम वाढतो, आणि भरलेला चुरा अजून सुटाच असतो. नेतीचं पाणी तर नकोच. संथ दीर्घश्वसन आणि ओंकार चालेल. सुरू करण्याआधी सर्जनना दाखवून घ्या. जड बादल्या उचलणं आणि खाली वाकून फरशी पुसणंही पहिले दोन आठवडे नको.

सह्यकडा

आणि घरात कुणी तंबाखू, मिसरी लावणारं असेल तर त्यांनाही इथला प्रतिसाद दाखवा. माझ्या डॉक्टरांनी सिगारेट सुटल्याशिवाय तारीखच दिली नव्हती. धुराने जखम भरत नाही आणि हाडही नीट होत नाही.

निशिगंध

आमच्याकडे तंबाखू कुणीच खात नाही. आईला वाचून दाखवलं, ओंकार चालेल म्हटल्यावर खूश आहे. टाके निघाले. गालाची सूज गेली, वरच्या ओठाजवळ थोडं बधिर वाटतं, पण दिवसागणिक कमी होतंय. इम्प्लांट नक्की कधी?

दंतवैद्या

कृत्रिम चुरा असल्याने मी आठ-नऊ महिने थांबले असते. तेव्हा परत सीबीसीटी, आणि मग दोन्ही इम्प्लांट. त्यानंतर कॅप लागेपर्यंत आणखी चार-सहा महिने धरा. बधिरपणा रेंगाळला, नाकातून घाण वासाचं पाणी आलं, किंवा पाणी पिताना नाकात उतरतंय असं वाटलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. डावीकडच्या हलणाऱ्या दाढेचं काय ठरलं? ती काढायची असेल तर काढतानाच तिथलं हाड राखायचा विचार करा, म्हणजे त्या बाजूला बहुधा एवढं करावं लागणार नाही.

निशिगंध

हे माहीतच नव्हतं. सोमवारी हिरड्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ती दाढ वाचते का तेच आधी बघणार आहेत. काढावीच लागली तर हाड राखण्याबद्दल विचारते आणि इथे लिहिते.